शहात्तराला अर्थ नाही

माझे सासरे गत्तास यांना सहा पेले चहा कधी चालला नाही. पाहुणे सहा असले तरी ताटात सात पेले लागत. सातवा कोणाचा, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "सहा म्हणजे माणूस. सहाव्या दिवशी देवानं माणूस केला आणि सातव्या दिवशी काम पुरं झालं. अपुरं ताट पाहुण्यापुढं नेऊ नये." मग तो सातवा पेला माझी सासू इस्तीर घटाघटा पिऊन टाकायची आणि म्हणायची, "शास्त्राचा चहा आज फक्कड झालाय हं."

आमचं ख्रिस्ती वस्तीचं गाव मल्लवी शहराच्या जवळ, वाळवंटातल्या मोठ्या नदीच्या काठाला. गावच्या देवळात वेदीवर जाणारी भाकर गत्तास भाजायचे. देवळाच्या अंगालाच भट्टीची खोली आहे, तिला आम्ही बेथलेहेम म्हणतो. आत बायकांनी जायचं नसतं, पण चाळलेलं पीठ उंबऱ्याशी नेऊन देण्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मी सगळं पाहिलेलं आहे. पीठ, पाणी आणि आंबवण, मिठाचा कण नाही. मळताना तोंडानं स्तोत्रं चाललेली. मग प्रत्येक गोळ्यावर लाकडी ठसा दाबायचा. मधे मोठा क्रूस, भोवती बारा लहान क्रूस, म्हणजे प्रभू आणि त्याचे बारा शिष्य. त्यानंतर काडीनं पाच भोकं. तीन खिळे, एक काट्यांचा मुकुट, एक भाला. वेदीकडे भाकरी जायच्या त्या तीन, पाच नाहीतर सात. चार सुंदर फुगल्या तर एक बाजूला काढून ठेवायचे. तिच्यावरून हात फिरवत म्हणायचे, "तुझं काही चुकलं नाही गं बाई, तू फक्त चौथी निघालीस."

गाव त्यांना अम्म गत्तास म्हणे, म्हणजे गत्तासकाका. शुक्रवारी प्रार्थनेनंतर पोरं त्यांच्याभोवती जमायची ती धडा शिकायला कमी आणि त्यांना पेचात पकडायला जास्त.

"अम्म गत्तास, बारा म्हणजे?"

"शिष्य. गोत्रं. नव्या यरुशलेमेच्या वेशी."

"चाळीस?"

"वाट बघणं. चाळीस दिवस पाऊस, चाळीस वर्षं वाळवंट, चाळीस दिवस प्रभूचा उपास. देवाला काही मोठं द्यायचं असलं की तो आधी चाळीस मोजायला लावतो."

"सतरा?" असं एखादं आगाऊ कार्टं विचारायचं.

मग डोळे मिटून, दाढी कुरवाळत जरा वेळ जायचा. "दहा आज्ञा आणि आत्म्याची सात दानं. पळ आता!"

त्यांनी 'माहीत नाही' म्हटलेलं मी लग्नानंतर पाच वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. मला हसू यायचं आणि खरं सांगायचं तर कौतुकही वाटायचं. माझ्या माहेरी आकडे फक्त बाजारासाठी होते. इथे एका म्हाताऱ्याला खजुराच्या घोसातसुद्धा प्रभू दिसायचा. ताटात अकरा खजूर राहिले तर बारावा आणून ठेवायचा, कारण अकरा म्हणजे यहूदा गेल्यानंतरचे शिष्य, ते दुःखाचं ताट. प्रार्थनेत 'प्रभू, दया कर' एक्केचाळीस वेळा म्हणायचं असतं, ते मला लहानपणापासून पाठ होतं, पण का ते गत्तासनी सांगितलं. एकोणचाळीस फटके, एक मुकुट, एक भाला. "बोटांच्या पेरांवर मोज, इंसाफ," ते मला म्हणाले होते, "घाईत एक गाळलास तर त्याला झालेली एक जखम गाळलीस."

ती पाच वर्षं मला मूल नव्हतं. गावात बायका काय बोलतात ते सांगायला नको. गत्तास मात्र एकदाही वाकडं बोलले नाहीत. उलट इस्तीरला दटावायचे, "सारेनं किती वर्षं वाट पाहिली? पोरीला छळू नकोस." म्हणून पुढे जे झालं ते सांगताना माझी जीभ अडखळते. माणूस दुष्ट असता तर फार सोपं होतं.

पाचव्या वर्षी मुलगी झाली. चिमणीएवढी. सातव्या दिवशी आमच्याकडे बाळाचं नाव ठरतं, ते असं की सात मेणबत्त्यांना सात नावं द्यायची, सगळ्या एकदम लावायच्या आणि जी शेवटपर्यंत तेवेल तिचं नाव बाळाला. इस्तीरला सहाच नावं सुचली.

"सहावर भागवा की!" ती म्हणाली.

"सात!" गत्तास गरजले. "सातवी माझ्या आईच्या नावाची, शफीका."

शफीकाच सगळ्यात शेवटी विझली. इस्तीर माझ्या कानाशी लागून म्हणाली, "म्हाताऱ्यानं सगळ्यात जाड मेणबत्ती स्वतःच्या आईला दिली. मी डोळ्यानं पाहिलं." आम्ही दोघी ओढणीत तोंड खुपसून हसलो. त्या घरातलं माझं ते शेवटचं मोकळं हसू.

त्याच दिवशी अबूना हद्रा आले होते. अबूना म्हणजे आमचे पाद्री. तरुण होते, गावात येऊन वर्षही झालं नव्हतं. सातव्या दिवशी पाद्री घरी येऊन घंगाळातल्या पाण्यावर प्रार्थना करतात आणि बाळाला अंघोळ घालतात. तो बाप्तिस्मा नव्हे, नुसता आशीर्वाद. अबूनांनी शफीकाला हातावर घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. जाताना ते गत्तासना म्हणाले, "पोर फार अशक्त आहे. दिवस मोजत बसू नका. मला निरोप द्या, मी बाप्तिस्मा देतो."

आमच्याकडे मुलाचा बाप्तिस्मा चाळीस दिवसांनी होतो आणि मुलीचा ऐंशी दिवसांनी. तोवर आईनंही देवळात पाऊल टाकायचं नसतं. पण बाळाच्या जिवाला धोका असेल तर कोणताही पाद्री थांबत नाही, कोणीही कडेवर घेऊन गेलं तरी चालतं. हे गत्तासना माहीत होतं. त्यांच्याइतकं चांगलं कोणालाच माहीत नव्हतं.

"ठीक होईल ती," ते अबूनांना म्हणाले. "चाळीस आणि चाळीस. पुरे करून आणतो."

अबूना गेल्यावर आम्हाला म्हणाले, "पोरगा पुस्तकं वाचून आलाय. आकड्याचं बळ त्याला कळायचं नाही. अर्धवट मोजलेलं देवापुढं न्यायचं नसतं."

शफीका दूध ओढायची, दमायची, झोपायची. चाळीस झाले. पन्नास झाले. साठाच्या पुढे तिला ताप आला. माझा नवरा नसीम तिला घेऊन मल्लवीच्या डॉक्टरकडे गेला, औषध आणलं. अबूनांचा पुन्हा निरोप आला. तेव्हा इस्तीर कमरेला ओढणी खोचून गत्तासपुढे उभी राहिली.

"आज न्या तिला. मी नेते. माझी कंबर अजून शाबूत आहे."

"चौदा दिवस राहिलेत, इस्तीर. सात आणि सात."

"सात-सात काय लावलंय! पोर तापलीय तव्यासारखी!"

"म्हणूनच. पाच वर्षं थांबलो. आता शेवटच्या पायरीवर घाई करू? देव म्हणेल, यांना मोजतासुद्धा येत नाही."

नसीम भिंतीकडे बघत उभा होता. बापापुढे त्याला कधी शब्द फुटला नाही. मग इस्तीरनं माझ्याकडे पाहिलं. गत्तासनीही पाहिलं. चांगलं आठवतं मला, त्यांनी विचारलं, "तुझं काय म्हणणं, इंसाफ?" सुनेला कोण विचारतं? त्यांनी विचारलं होतं.

मी खाली मान घालून बाळाची दुपटी सारखी केली आणि गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. गत्तास बेथलेहेममधून पिठाच्या हातांनी घरी आले, पोरीच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला आणि लहान मुलासारखे रडले. "बघितलंस? बघितलंस?" इस्तीरला म्हणत राहिले. ती नाक पुसत चुलीकडे गेली. आम्हाला सगळ्यांनाच वाटलं, म्हातारा बरोबर होता.

शहात्तराव्या दिवशी पहाटे शफीकानं दूध घेतलं नाही. उजाडेपर्यंत तिच्या ओठांचा रंग गेला. नसीम अनवाणी देवळाकडे धावला. अबूना शेजारच्या गावी प्रार्थनेला गेलेले. त्यानं गाढव काढलं आणि तिकडे निघाला. गत्तास भट्टी तशीच सोडून आले. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले, आत येईनात. "येतीलच अबूना, येतीलच," एवढंच म्हणत होते. अबूना दुपारी पोचले, झगा धुळीनं भरलेला. तोवर शफीका माझ्या मांडीवर दोन तास निष्प्राण होती.

तिला देवळात नेता आलं नाही. जिचा बाप्तिस्मा नाही तिच्यासाठी देवळाचं दार उघडत नाही. बापलेकांनी तिला नावेतून पलीकडे वाळवंटात नेलं, आमच्या लोकांच्या थडग्यांमध्ये ठेवलं आणि संध्याकाळच्या आत परत आले. गत्तासच्या झग्याची किनार ओली होती. ते अंगणात बाकावर बसले. मी आतून बाहेर आले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि शांतपणे विचारलं, "बाबा, शहात्तर म्हणजे काय?"

त्यांनी डोळे मिटले नाहीत, दाढीला हात लावला नाही.

"सतराचा अर्थ आहे, एक्केचाळीसचा आहे. शहात्तरचा सांगा ना."

"माहीत नाही, मुली," ते म्हणाले.

मला त्या क्षणी बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण बरं वाटलं. सुरी मुठीपर्यंत आत गेल्याचं समाधान झालं.

त्यानंतर गत्तासनी आकड्याचं नाव काढलं नाही. भाकरीवर ठसा दाबायचे, पाच भोकं पाडायचे, कारण ते काम होतं. पण शुक्रवारी पोरं आली की म्हणायचे, "अबूनांना विचारा. त्यांना जास्त कळतं." चहा किती पेले आला ते बघेनासे झाले. एकदा इस्तीरनं मुद्दाम सहा पेले ठेवले. त्यांनी आपला उचलला आणि प्याले. इस्तीर मोरीत जाऊन रडली. मला म्हणाली, "त्याच्याशी काहीतरी बोल गं. तू बोललीस तरच तो उठेल." मी म्हटलं, "मी काय बोलू?" आणि पीठ चाळत राहिले.

खरं म्हणजे मला बोलायचं होतं ते मला नीट माहीत होतं. इस्तीरलासुद्धा ते ठाऊक नव्हतं, नसीमलाही नाही.

मी शफीकासाठी पांढरा झगा शिवला होता आणि माझ्यासाठी फिकट निळा. पाच वर्षं मी देवळात बायकांच्या बाजूला मागच्या भिंतीशी उभी राहिले होते. लेकुरवाळ्या पुढे असत. मला ऐंशीव्या दिवशी निळा झगा घालून, माझं बाळ माझ्याच हातात घेऊन, त्या सगळ्यांच्या मधून चालत जायचं होतं. त्या आधी बाप्तिस्मा झाला असता तर इस्तीर तिला घेऊन गेली असती आणि मी घरी बसले असते. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा मी घाबरून गप्प बसले नव्हते. मला त्यांचाच आकडा हवा होता. त्यांचा आकडा देवासाठी होता, माझा बायकांना दाखवण्यासाठी.

चार वर्षांनी सुआद झाली. ही गुटगुटीत, जन्मली तीच ओरडत. चौथ्या दिवशी सकाळी गत्तास धुतलेला झगा घालून माझ्या खोलीच्या दाराशी आले, मागे इस्तीर.

"अबूनांशी बोललोय. ते वाट बघतायत. दे पोरीला, इस्तीर घेईल."

"आज चौथाच दिवस, बाबा."

"असू दे."

"मुलीला ऐंशी लागतात. तुम्हीच शिकवलंत. अर्धवट मोजलेलं देवापुढं नेऊ नये."

इस्तीर म्हणाली, "इंसाफ, पुरे कर." नसीमनं पहिल्यांदा आवाज चढवला, "काय चालवलंयस हे?" पण मी सुआदला छातीशी धरलं आणि म्हटलं, "धडधाकट आहे पोर. होऊ देत ऐंशी." गत्तास मान हलवून गेले. त्यांना हक्क दाखवता आला असता. दाखवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज पहाटे भट्टीकडे जाताना माझ्या दारावर बोटानं टकटक करत.

"इंसाफ, आहे ना?"

"आहे."

"श्वास नीट?"

"नीट."

मग पावलं दूर जायची. मी एकदाही दार उघडलं नाही, पोरीचं तोंड दाखवलं नाही. थंडीत खोकत यायचे. एकदा त्यांना ताप होता, इस्तीर ओरडत होती घरातच राहा म्हणून, तरी आले. मला आतून ऐकू यायचं, उत्तर मिळेपर्यंत ते श्वास रोखून धरायचे. कधीकधी मी मुद्दाम जरा उशिरा उत्तर द्यायची. मी एका म्हाताऱ्या माणसाला ऐंशी दिवस पुरे होईपर्यंत भाजलं, आणि माझी पोर शेजारी खुशाल हातपाय झाडत होती.

ऐंशीव्या दिवशी मी निळा झगा घातला. तोच, चार वर्षं घडी करून ठेवलेला. बायकांच्या मधून चालत गेले. कोणी माझ्याकडे विशेष पाहिलंही नाही, ज्या त्या आपापल्या पोरांना आवरत होत्या. अबूनांनी सुआदला तीनदा पाण्यात बुडवून काढलं, पवित्र तेलानं छत्तीस ठिकाणी क्रूस काढले, लाल फीत बांधली. बायकांनी जिभा हलवून आनंदाच्या आरोळ्या दिल्या. गत्तास खांबाच्या मागे उभे होते, भिंतीला टेकून. बाहेर पडताना त्यांनी माझ्या हातात गरम भाकर दिली.

"ऐंशी झाले, बाबा," मी म्हटलं.

"झाले असतील," ते म्हणाले. "मला मोजवले नाहीत. मी रोज सकाळी फक्त विचारलं."

माझी कबुली त्या क्षणी माझ्या ओठांवर आली होती. पण मागून बायका रेटत होत्या, सुआद रडत होती. म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. घरी पाहुणे होते. म्हटलं, उद्या.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. नऊ वर्षं आम्ही एका ताटात जेवलो. सुआद त्यांच्या गळ्यात पडायची, त्यांची टोपी पळवायची, "जिद्दी, जिद्दी" करत मागे फिरायची. जिद्दी म्हणजे आजोबा. ती विचारायची, "जिद्दी, सात म्हणजे काय?" ते म्हणायचे, "सहाच्या पुढचा, राणी." मी चुलीपाशी बसून ऐकायची आणि उद्यावर ढकलायची. त्यांच्या वाढदिवसाला तरी बोलेन असं ठरवलं होतं. तो आमच्या गितासच्या सणाला येतो, नदीत प्रभूचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी, म्हणूनच त्यांचं नाव गत्तास. त्या दिवशी अळकुड्या शिजवतात, ऊस खातात. नऊ वेळा मी अळकुड्या सोलल्या, नऊ वेळा वाढल्या.

एका सकाळी ते पीठ चाळता चाळता बसल्या जागी गेले. चाळण मांडीवर तशीच होती.

तिसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे अबूना हद्रा घरी आले. त्यांच्या दाढीत आता पांढरे केस दिसत होते. पाण्यावर प्रार्थना केली, घरभर पाणी शिंपडलं. मग सगळ्यांनी मिळून 'प्रभू, दया कर' सुरू केलं. मी पेरांवर मोजत होते. एकोणचाळीस फटके, एक मुकुट, एक भाला. एकही गाळला नाही. आमेन झाल्यावर माणसं कॉफीला अंगणात गेली. मी आतच राहिले. इस्तीर कोपऱ्यात जपमाळ धरून पेंगत होती. अंगणातून आत आणलेला गत्तासचा बाक रिकामा होता, वर त्यांची टोपी. मी त्या बाकाजवळ गेले आणि म्हणाले, "बाबा, मलाही ऐंशीच हवे होते."

दारात सुआद उभी होती.

"आई, कोणाशी बोलतेस?"

"जिद्दीशी."

"त्यांनी ऐकलं?"

टोपीवर अजून पीठ होतं. मी ते झाडलं नाही.

"उशीर झाला गं," मी म्हटलं.